काठीची नाडी बावन्न

आधीच सांगतो, मी या भुताखेतांच्या सदरात येतो तो हसायला. उलटी पावलं, तिठ्यावरची पांढऱ्या साडीतली बाई… रविवारी चहा पिता पिता हे किस्से बायकोला मोठ्याने वाचून दाखवणं हा माझा आवडता उद्योग. तेवीस वर्षं हायस्कूलला विज्ञान शिकवतोय. तिठ्यावर कोणीतरी उतरवून ठेवलेला नारळ घरी आणून त्याची सोलकढी करून प्यालेला माणूस आहे मी. काही झालं नाही. पोट बिघडलं, पण ते मिरची जास्त पडली म्हणून.

तेव्हा खाली जे लिहितोय ते लिहिताना मलाच लाज वाटतेय. हसायचं तर हसा.

आमचं घर मालवण तालुक्यात, कट्ट्याच्या बाजारापासून आत तीन किलोमीटरवर. चिऱ्याचं, कौलारू. भोवती काजूची झाडं, आमच्या काजी, थोडी हापूसची कलमं, आणि सगळ्याला चारी बाजूंनी गडगा – म्हणजे दगडावर दगड रचून केलेलं कुंपण. पूर्वेच्या कोपऱ्यात रुमडाच्या, म्हणजे उंबराच्या झाडाखाली आमचा राखणदार. मूर्तीबिर्ती नाही. गुडघ्याएवढा एक काळा दगड आणि शेजारी जमिनीत रोवलेली काठी. रात्री तो ही काठी घेऊन आपल्या हद्दीत फेऱ्या मारतो, अशी समजूत. वर्षातून एकदा त्याला कोंबडा, नारळ आणि विडीचा कट्टा. विड्या दोन दिवसांत संपतात. त्या कोण ओढतं ते मला माहीत आहे – आबा.

आबा म्हणजे माझे वडील, वय एकोणऐंशी. आई जाऊन चार वर्षं झाली, तेव्हापासून ते त्या घरात एकटे. मी नोकरीमुळे कुडाळला, शनिवार-रविवार जातो. आता आबांची एक खोड. कोणीही "बरे आसास मा?" विचारलं की यांचं उत्तर ठरलेलं – "कसलो बरो! रात्रभर डोळ्याक डोळो लागणा नाय." पंधरा वर्षं ऐकतोय मी हे. आणि दुपारी एक ते चार हा माणूस असा घोरतो की कौलांवरचे कावळे उठून जातात!

हेच वाक्य त्यांनी फोनवर माझ्या बहिणीला, वैशालीला ऐकवलं. ती पुण्याला असते, कॉम्प्युटरमधली आहे, आणि ऐकलेलं सगळं खरं धरते. "दादा, ते रात्री जागे असतात, अंधारात उठून न्हाणीघरात जातात. पडले-बिडले तर कोण आहे तिथे?" मी आठवड्यातले पाच दिवस कुडाळला. याचं उत्तर तुमच्याकडे असेल तर सांगा.

मग तिने नवऱ्याचं पळायला जाताना वापरायचं घड्याळ पाठवलं. पावलं, नाडी, झोप सगळं मोजणारं. ते आबांच्या हाताला, आकडे आबांच्या मोबाइलमधून तिच्या मोबाइलवर. महिनाभर रोज सहा तास झोप दिसली तर आबा इथेच. नाहीतर दिवाळीनंतर पुणे, सातवा मजला, कायमचे.

"मी येवचंय नाय," आबा म्हणाले. "सातव्या मजल्यार काजी लावू काय मी?"  आणि खरं सांगू? मलाही ते जायला नको होते. शनिवारी जाऊन त्या घराचं कुलूप आपण उघडायचं, ही कल्पनाच मला सहन होत नव्हती.

पहिल्या आठवड्याचे आकडे आले – चार तास वीस मिनिटं, चार तास पाच. दुपारची झोप ते घड्याळ जमेत धरतच नव्हतं! ज्याने कोणी ते बनवलं तो मालवणात दुपारी दोन वाजता काही विकत घ्यायला गेलेला नसणार. वैशालीचे काळजीचे फोन सुरू झाले. आबांचं जेवण कमी झालं.

त्या रविवारी मी त्यांना धीर द्यायला म्हणून शास्त्र समजावलं. "आबा, घड्याळ काय मेंदूत जावन बघणा नाय. हात हलता काय आनि नाडी कशी चलता, तेच्यावरून अंदाज. माणूस गप पडान पेपर वाचीत रवलो तरी तेका वाटता, झोपलो."

"म्हणजे हललो नाय काय ता झोप समाजता?"

"साधारण तसाच."

"असां काय," आबा म्हणाले, आणि पोटभर जेवले. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

बुधवारी सकाळी स्टाफरूममध्ये वैशालीचा फोन. रडतच होती. "दादा, आबा रात्रभर चालतायत! परवा साडेदहा हजार पावलं, काल अकरा हजार. रात्री दहा ते पहाटे पाच! आणि झोपतात कधी, तर दुपारी एक ते चार. आता महिना-बिहिना काही नाही. उद्या गाडी घेऊन येते आणि त्यांना घेऊन जाते."

अर्धी रजा टाकली, बाइक काढली. पोचलो तर आबा पुढच्या अंगणात, खळ्यात बसून अडकित्त्याने सुपारी कातरतायत. चेहरा ताजा. मनगट मोकळं.

"आबा, घड्याळ खंय?"

"आसा."

"आसा, पण खंय?"

"बऱ्या जाग्यार आसा."

बऱ्या जागी म्हणजे कुठे, तर राखणदाराच्या काठीला! सोमवारी संध्याकाळी यांनी ते तिथे पट्टा आवळून बांधलं आणि वर रीतसर गाऱ्हाणं घातलं – "बा राखणदारा म्हाराजा, ह्या घड्याळात आठ आठ तास झोप पडान दी, आनि माका ह्याच मातयेत ऱ्हवान दी रे म्हाराजा!" 'व्हय म्हाराजा' म्हणायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून तेही स्वतःच म्हणाले. रोज सकाळी फूल ठेवायला जाताना मोबाइल खिशात असायचा, तेवढ्यात आकडे पुण्याला.

"काठी हलतली खंयची, म्हटलंय," आबा म्हणाले. "गप ऱ्हवतली, म्हणजे झोप."

मी त्यांना त्यांच्याच मोबाइलवर अकरा हजार पावलं दाखवली. आधी त्यांना कळेना. मग घड्याळाने केलेला नकाशा उघडला. त्यावर रेघ – रुमडाखालून निघून गडग्याच्या कडेकडेने चारी बाजू फिरून परत रुमडाखाली. सात फेऱ्या. आबांनी बोटाने ती रेघ एकदा फिरवली आणि कपाळावर हात मारला.

"माझी मती खंय गेलली रे! रातचा फिरणा ह्या तेचा काम, आनि मी तेकाच झोपाक सांगलंय!"

घाबरले नव्हते हो, ओशाळले होते! गुरख्याला रात्री झोप म्हणून सांगितल्यासारखं झालं, एवढंच त्यांचं दुःख.

मी मात्र शास्त्राला धरून. वारा? वाऱ्याने काठी हलली म्हणून पावलं पडतील, नकाशा कसा पडेल? माकडं? माकड पट्टा सोडून नेईल, पण सात फेऱ्या मारून परत बांधेल? नाडी दाखवत होती बावन्न. ते सोडा, असलं घड्याळ मी नारळाला बांधून वर्गात दाखवलंय, नारळालाही नाडी येते, तो प्रकाशाचा घोटाळा असतो. पण नारळ कधी एक ते चार झोपला नव्हता. रात्री झोपच नाही म्हटल्यावर घड्याळाने दुपारची धरली असेल… असेल. माझी स्वतःची नाडी तेव्हा एकशे दहा होती.

गुरुवारी संध्याकाळी वैशाली आली ती रिकामी बॅग घेऊनच. सगळं ऐकून आबांवर अशी भडकली, "मला फसवायला देव वापरलात!" मग म्हणाली, आज मी बांधते. घड्याळावरून नायलॉनचा दोरा, त्याला नऊ गाठी, भोवती तांदळाचं पीठ पसरलं. आबांची बॅग मात्र भरून ठेवली. तीन लेंगे, आईचा फोटो वर. तो फोटो बॅगेत बघून मी मागच्या दारी जाऊन उभा राहिलो. डोळ्यांत पाणी आलं, लपवत नाही.

सकाळी आम्ही तिघे रुमडाखाली गेलो. गाठी नऊच्या नऊ. पिठावर मुंगीचाही माग नाही. पावलं नऊ हजार सहाशे. वैशालीने नकाशा मोठा केला आणि फेऱ्या मोजल्या.

त्या रात्री फेऱ्या सातच्या ऐवजी सहाच होत्या. दोन वाजून दहा मिनिटांनी ती रेघ गडगा सोडून घराकडे आली होती आणि चाळीस मिनिटं एकाच जागी थांबली होती. आबांच्या खोलीच्या खिडकीखाली.

"आबा, रात्री दोनाक काय झाला?" इतक्या वर्षांनी ती मालवणीत बोलली.

"काय नाय गो. खोकलो इललो. उठान बसलंय, पाणी प्यालंय. मगे बरा वाटला."

"माका हाक कित्या मारूक नाय?"

"तू झोपलेलंस गो."

वैशाली शेजारच्याच खोलीत होती, मध्ये एक भिंत. तिने स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ बघितलं. सात तास पन्नास मिनिटं. 'गाढ झोप – उत्तम.'

 मग ती घरात गेली, बॅगेतून आईचा फोटो काढून भिंतीवर होता तिथे लावला. "ऱ्हवांदेत आबा हंयसरच," ती मला म्हणाली. "पुण्यात आमी सगळे झोपतो रे, दादा."

आबा तेवढ्यात दारातून – "म्हणजे माका झोप लागणा नाय, ह्या पटला मा तुका?"

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. कंपनीला इंग्रजीत पत्र लिहिलं होतं. 'घड्याळ मनगटावर घट्ट बांधावे' असं उत्तर आलं. घड्याळ अजून काठीलाच आहे. दर आठवड्याला त्यावर सूचना येते, 'तुमची झोप अपुरी आहे, विश्रांती घ्या,' आणि आबा ती दगडाला वाचून दाखवतात. शनिवारी मी ते चार्ज करतो आणि अंधार पडायच्या आत परत बांधतो. बांधताना चपला लांब काढून ठेवतो. का, ते मात्र मला विचारू नका.