कापसाच्या खोलीतला आवाज

कोंदट कापसाचा वास आला की मला गुडीहत्नूरजवळच्या गावातली ती दुपार आठवते. आम्ही काही शिक्षिका मिळून बायकांवरच्या अत्याचाराबद्दल बोलायला गावोगाव जायचो. त्या दिवशी एका घराच्या ओसरीवर बायका जमल्या होत्या. "असं कोनासोबत झालं असंल, तर त्यात तिचा काई कसूर नसते," मी म्हणाले. मागच्या बंद खोलीतून कोणीतरी हळूच म्हणालं, "तिचा काई कसूर नसते." "आत कोन हाय?" मी विचारलं. "कोनी नाई बाई, कापूस भरून हाय," घरची बाई म्हणाली, पण बोलताना ती दाराच्या कडीकडे बघत होती. तेवढ्यात तोच आवाज पुन्हा आला, तेच शब्द. शेवटी जमलेल्यांतल्या एका शेजारणीने उठून कडी काढली. छतापर्यंत कापूस रचलेला, आणि त्यात गळ्यापर्यंत बुडून त्या बाईची तरणी लेक बसली होती. एका नातेवाइकाने तिच्यावर जबरदस्ती केली होती, आणि लोक काय म्हणतील या भीतीने आई तिला कोंडून ठेवत होती. "बाई, हे खरं हाय, का नुसतं सांगून राह्यल्या?" लेकीने विचारलं. "खरं हाय," म्हणत मी तिच्याजवळ बसले. ती उठेपर्यंत मीही उठले नाही. मग ठाण्यात तक्रार द्यायला तिच्यासोबत आई निघाली, ओसरीवरच्या बायकाही निघाल्या. खटला लांबला, पण त्या नातेवाइकाला शिक्षा झाली. आता ती बेल्लमपल्लीला नोकरी करते. कधीमधी तिचा फोन येतो, ती भरभरून बोलते, आणि मी मध्ये एक शब्दही बोलत नाही.