पितरांच्या पंधरवड्यात राहिलेला विमा

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. नवरा होता तोवर त्यालाही नाही, देवालाही नाही. देवाला काय सांगायचं — तो देवळीत बसून बघतच होता की!

मी राणीसावरगावची. आता सत्तरीला टेकलेय. आजीच्या जिभेला हाड नाही, असं नातवंडं म्हणतात. हाड नाही हे खरं. पण त्या दिवशी ती जीभ जिकडं वळली... थांबा, आधी गाडीचं सांगते.

माझा लेक सुधाकर परभणीला नोकरीला. कर्ज काढून त्यानं पांढरी गाडी घेतलेली. विम्याची मुदत संपायला आली, तसे त्यानं पैसे माझ्या हातात दिले. एजंट आमच्याच गल्लीत, दोन घरं सोडून. पायात चपला घालायच्या, एवढंच काम.

पण पितृपंधरवडा लागलेला. आणि मी तेव्हा केवढी शहाणी! मेलेल्यांच्या पंधरवड्यात अपघाताचे पैसे भरायचे — म्हणजे अपघाताला अक्षत द्यायचीच गोष्ट. सर्वपित्री झाली की भरू, म्हटलं, आणि नोटा साबुदाण्याच्या डब्यात घातल्या. अपघाताला पंचांग कळतं होय?

मुदत सरली. अमावास्येला तीन दिवस होते. सुधाकर घरी येत होता. वाटेत पुलाचं काम, पाटी कुठंच नाही — गाडी थेट खड्ड्यात उलटली. त्याचं मनगट मोडलं, तेवढंच. गाडीचा मात्र चेंदामेंदा. गॅरेजवाला म्हणाला, भंगारात घाला. आणि कर्जाचे हप्ते? अजून तीन वर्षांचे.

लेक गळ्यात हात अडकवून पलंगावर. एजंट दारात. "पैसेच आले न्हाईत ना माझ्याकडं," म्हणाला. सगळे माझ्याकडं बघायले. डबा मागच्या खोलीत, चार पावलांवर. नुसतं उठायचं होतं. उठले का मी?

"मी तर रेखाच्या हातात दिले, एजंटाला नेऊन दे म्हणून."

रेखा, माझी सून. पोळ्या लाटता लाटता लाटणं हातात घेऊनच बाहेर आली. "मला कवा दिले, आई?"

"सोमवारी. तू धुणं वाळत घालायली होतीस."

बघा — खोटं बोलताना धुणंसुद्धा वाळत घातलं मी! इतकं नेमकं मला खरं बोलताना कधी सुचलं नाही.

तिनं भांडायला पाहिजे होतं. मी पदर खोचून तयार होते. तिनं काय केलं? पर्स उलटी केली. कपाट उपसलं. गाद्या झटकल्या. तिसऱ्या दिवशी हळूच म्हणाली, "दिले असतील, आई. माज्याच ध्यानात न्हाई."

तेव्हा तरी सांगायचं की! पण आता नुसते पैसे लपवले नव्हते — तीन दिवस तिला शोधताना बघत बसले होते. हे कुठल्या तोंडानं सांगू? पहिल्या दिवशी दार उघडं होतं. तिसऱ्या दिवशी मीच आतून कडी घातलेली.

गाडी उभी आहे का आडवी, हे बँक विचारत नाही. त्या वर्षी रेखा बी.एड.ला जाणार होती, फॉर्मही भरलेला. "माज्यामुळंच झालं," म्हणत तो तिनं आपणच मागं घेतला. माहेरचं शिवणयंत्र पुसून काढलं. तीन वर्षं लोकांचे ब्लाऊज शिवले, नसलेल्या गाडीसाठी.

डब्यातल्या पैशांचं काय केलं? दिवाळीला रेखालाच साडी आणली. केवढं माझं मन! ती माझ्या पाया पडली. शेजारणी म्हणाल्या, सासू असावी तर अशी. मी हसले पण — हो, हसले.

परवा नातीच्या फीचे पैसे रेखापुढं धरले. तिचे केस आता पांढरे व्हायलेत. तिनं हात पदराला पुसले आणि मागं घेतले.

"तुमीच ठेवा, आई. माज्या हातात दिलेलं राहत न्हाई."

मी ठेवले.