खुर्चीतून दिलेला खो

मुलांनो,

गेल्या आठवड्यात तुमच्यापैकी एकाने मला फोनवर एक लांबलचक मजकूर पाठवला. यशस्वी क्रीडा प्रशिक्षकांकडून शिकण्यासारखे नेतृत्वाचे धडे. त्याच्या ऑफिसात सगळ्यांना दोन दिवस बसवून ते धडे दिले म्हणे. खाली त्याने विचारलं होतं, "आजी, तू शाळेत खो-खो खेळायचीस ना? तुमचे कोच कसे होते?"

मी तो मजकूर दोनदा वाचला. त्यातला प्रत्येक प्रशिक्षक दूरदृष्टीचा, संयमी, निगर्वी. हरलेल्या संघाला त्याच्या एका वाक्याने बळ येतं. त्याच्या हाताखाली खेळलेल्यांचं पुढे काय झालं, हे मात्र कुठेच लिहिलेलं नाही. आमचे सर कसे होते ते दोन ओळींत सांगता येणार नाही. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून मला माझं अक्षर पुन्हा नीट दिसू लागलंय, म्हणून आताच लिहून टाकते. बाकीच्या नातवंडांनीही वाचावं.

आमचे सर यशस्वी होते, हे आधी मान्य करते. डोंबिवलीतल्या आमच्या शाळेच्या कपाटात त्यांच्या काळात ढाली मावेनाशा झाल्या होत्या. ते ड्रिल शिकवत आणि मुलींचा खो-खोही त्यांच्याकडेच होता. आपण फौजेत होतो असं ते सांगत. ते खरंही होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते कुठल्याशा डेपोत ब्लँकेटांच्या गोदामावर होते. चालणं मात्र असं, की ब्रह्मदेश यांनीच सोडवला असावा.

सरांची एक खुर्ची होती. वेताची, हात असलेली. शाळा सुटली की आम्ही दोघी-दोघी पाळीने ती उचलून मैदानावर नेत असू. सर बसत, शिट्टी गळ्यात अडकवत, आणि अंधार पडेपर्यंत उठत नसत. मैदानावर येताना फळ्यावर त्या दिवसाचं सुवचन लिहून येत. 'आज्ञा हीच शक्ती' हे त्यांचं विशेष आवडतं. त्यांनी एकदाही ओळीत बसून किंवा खांबाला वळसा घालून काही दाखवल्याचं मला आठवत नाही.

तुमच्यापैकी धाकट्यांनी खो-खो पाहिलेलाही नाही, म्हणून थोडक्यात सांगते. दोन खांबांच्या मधे आठ मुली एका ओळीत उकिडव्या बसतात, एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे. नववी पळणाऱ्या मुलींचा पाठलाग करते. तिला ओळीतून मधेच पलीकडे जाता येत नाही. म्हणून ती बसलेल्या एकीच्या पाठीला मागून हात लावून 'खो' म्हणते. मग ती उठून पळते आणि पहिली तिच्या जागी बसते. पाठीला हात लागण्याआधी उठलं की चूक. सगळा खेळ या एका शब्दावर चालतो, आणि तो शब्द फक्त पळणारीने द्यायचा असतो.

सरांनी काय केलं होतं, तर सरावात खो ते स्वतः खुर्चीतून द्यायचे. "तिसरी, खो! पाचवी, खो!" पाठीला हात लागो न लागो, आम्ही सरांच्या आवाजावर उठायचं. जी उशिरा उठे तिला मैदानाला फेऱ्या. याला ते शिस्त म्हणत. बघायला आलेले पालकही माना डोलवत, काय वचक आहे म्हणून. हे सगळं खेळाच्या उलटं आहे, हे आम्हा मुलींना कळत होतं. बोलत कोणीच नव्हती. मीही नाही.

आम्हाला खरा खेळ शिकवला तो आमच्या कॅप्टनने. ती कोपरच्या बाजूच्या गावातली, मिठागरावर काम करणाऱ्या घरची. डोक्यावर पाटी घेऊन मिठागराच्या चिंचोळ्या बांधावरून चालायची लहानपणापासून सवय, त्यामुळे तिचा तोल विलक्षण होता. परकर खोचून ती सुटली की खांबापाशी नुसता वारा आल्यासारखं वाटे. सर चहाला गेले की ती आम्हाला सांगायची, "ती तोंड कुठं करते ते बघू नका. तोंड खोटं बोलतं. टाच बघा." एवढ्या एका वाक्यात मी जे शिकले ते सरांच्या वर्षभराच्या फळ्यांत नव्हतं.

तिच्या गावातली एकही मुलगी तोवर आठवीच्या पुढे गेली नव्हती. ती नववीत होती, कारण तिला नादारी होती, म्हणजे फी माफ. ही नादारी दर वर्षी जूनमध्ये नव्याने मिळवावी लागे, आणि तिच्या अर्जावर 'खेळात प्रावीण्य' अशी शिफारस लागे. ती शिफारस सर लिहीत. तिला अकरावीपर्यंत जाऊन मॅट्रिक व्हायचं होतं, आणि मग शाळेत शिक्षिका. हे सरांना माहीत होतं. तिच्याकडून खुर्ची पुसून घेतानाही ते आठवण करून देत, "जून लांब नाही हं."

त्या हिवाळ्यात आम्ही जिल्ह्याच्या अंतिम सामन्याला ठाण्याला गेलो. सरांची खुर्चीही गाडीच्या ब्रेकच्या, म्हणजे सामानाच्या डब्यातून आली. ती स्टेशनापासून मैदानापर्यंत मी आणि आणखी एकीने वाहून नेली. मी उपकॅप्टन होते आणि मला खुर्ची वाहण्याचा अभिमानही होता, हे लिहिताना आज लाज वाटते.

ठाण्याच्या संघात एक लांब पायांची मुलगी होती. ती कोणाला सापडतच नव्हती. शेवटचा डाव, आम्ही बसलेल्या, ती एकटी पळतेय, वेळ संपत आलेली. आमच्या कॅप्टनने तिला खांबाकडे रेटत नेलं होतं. एवढ्यात सरांचा धीर सुटला. खुर्चीतून अर्धे उठून ते ओरडले, "खो!"

आणि आम्ही दोघी उठलो. पाचव्या जागेवर मी होते आणि सातव्या जागेवर आणखी एक. वर्षभर ज्या आवाजावर उठलो त्याच आवाजावर उठलो. पाठीला हात लागलाच नव्हता. पंचांनी शिट्टी मारली, चूक दिली, कॅप्टनला उलट फिरावं लागलं आणि ती लांब पायांची मुलगी हसत मैदानाच्या दुसऱ्या टोकाला निघून गेली.

कॅप्टन माझ्या पाठीमागून जाताना सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "कान माझ्याकडे ठेवा गं! ती खुर्ची काय बोलते ते ऐकू नका!"

दोरीपलीकडे ठाण्याची माणसं होती. ती खो खो हसली. कोणीतरी ओरडलं, "अहो मास्तर, बसा खाली, खुर्ची मोडेल!" सर बसले. त्यानंतर त्यांनी तोंड उघडलं नाही, म्हणून आम्ही जिंकलो. कॅप्टनने त्या मुलीला तीन खोंमध्ये खांबावर गाठलं. कॅप्टनचा गुडघा सोलवटून रक्त येत होतं, पण पंचांचा हात वर गेला होता.

बक्षीस समारंभात ढाल सरांनी घेतली. भाषणात शिस्तीचं महत्त्व सांगितलं. परतीच्या गाडीत ते कॅप्टनशी एक अक्षर बोलले नाहीत, आणि तिच्या लक्षात आलं. ती मला हळूच म्हणाली, "जून लांब नाही हं." हसतच म्हणाली, पण डोंबिवली येईपर्यंत तिने माझा हात सोडला नाही.

जूनमध्ये शिफारस आली नाही. तिची आई मिठागरावरून थेट शाळेत आली, पायांना चिखल तसाच. आम्ही व्हरांड्यात उभ्या होतो.

"मास्तर, पोर बोलली त चुकलीच," आई म्हणाली. "तिला दोन थोबारीत मारा. पन तिची शाला नका तोरू."

"मी कोण शाळा तोडणारा?" सर म्हणाले. "शिस्तीपुढे मी कोणीच नाही, बाई. तिने सगळ्या मुलींसमोर माफी मागावी. मी लगेच सही करतो. माझ्या मनात काही नाही."

हेडमास्तर आतल्या खोलीत होते. दार उघडं होतं. ते बाहेर आले नाहीत.

माफीचा मजकूर लिहायचं काम सरांनी माझ्याकडे दिलं, कारण माझं अक्षर वर्गात सगळ्यांत चांगलं होतं. मी लिहिला. 'माझ्याकडून बेशिस्तीचे वर्तन घडले. गुरुजनांचा अवमान झाला. त्याबद्दल मी अंतःकरणपूर्वक क्षमा मागते.' समास सोडून, रेघा आखून लिहिला. कागद घेऊन तिच्या घरी गेले. ती अंगणात भात पाखडत होती.

"तू लिहिलंस?" तिने विचारलं.

"हो. नुसता वाचायचा. एक मिनिटाचं काम आहे."

"तू का उठलीस गं तेव्हा? पाचवीवर?"

"सर ओरडले म्हणून."

"आणि हे का लिहिलंस?"

 तिने कागद घडी करून पोलक्यात खोचला. "येते उद्या," म्हणाली. "मॅट्रिक व्हायचंय मला. वाचेन."

दुसऱ्या दिवशी मैदानावर आम्हा सगळ्यांना ओळीत उभं केलं. सर खुर्चीत. ती पुढे आली आणि मजकूर वाचला. शेवटपर्यंत, नीट, एकही शब्द न अडखळता. मला सुटल्यासारखं वाटलं. सरांनी खिशातलं पेन काढलं. अर्ज गुडघ्यावर ठेवला. सही करायच्या आधी मात्र त्यांना राहवलं नाही. जिंकलेल्या माणसाला असतो तसला मोठेपणा त्यांच्या अंगात आला.

"आता तुझ्या शब्दांत सांग," ते म्हणाले. "मनापासून. काय चुकलं तुझं?"

तिने क्षणभर विचार केला. खरोखरच विचार केला. ओळीत तिला सगळ्यांत जवळ मीच उभी होते. मग म्हणाली, "सर, मी तुम्हाला खुर्ची म्हटलं ते चुकलं. खुर्ची गप्प बसते."

ओळीत कोणीतरी फिस्सकन हसलं. सरांनी पेनाला टोपण लावलं.

तेवढ्यावर सगळं आटोपलं. नादारी गेली. फी भरण्याची तिच्या घरी सोय नव्हती, आणि असती तरी मुलीसाठी कोणी भरली नसती. दहावीच्या हजेरीत तिचं नाव दोन आठवडे राहिलं, मग वर्गशिक्षकांनी ते घेणं बंद केलं. सरांनी त्याच आठवड्यात मला बोलावून सांगितलं, "यापुढे कॅप्टन तू. तुला शिस्त कळते." मी "हो सर" म्हटलं. घरी येऊन आईला आनंदाने सांगितलंसुद्धा. सरांबद्दल मला जो तिरस्कार वाटतो त्यातला थोडा मी स्वतःसाठी राखून ठेवलाय, तो त्या "हो सर"साठी.

पुढच्या वर्षी सरांनी कल्याणच्या एका शाळेतल्या दोन तयार मुली आमच्या शाळेत आणल्या. ढाली येतच राहिल्या.

काही वर्षांनी मी मुंबईच्या कॉलेजात इंग्रजी घेऊन बी.ए. करत होते, तेव्हा डोंबिवलीत गणेशोत्सवात सरांचं व्याख्यान होतं. विषय 'पुढारी कसा घडवावा'. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. सरांनी ठाण्याचा सामना सांगितला. म्हणाले, "त्या निर्णायक क्षणी मी मुद्दाम चुकीचा खो दिला. मला बघायचं होतं, माझी कॅप्टन माझी आज्ञा मोडण्याइतकी तयार झाली आहे का. तिने मोडली. मी मनात म्हटलं, झालं, माझं काम झालं! खऱ्या गुरूने शिष्याला आज्ञा मोडायलाही शिकवलं पाहिजे."

टाळ्यांनी मंडप दणाणला. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी हे वाक्य डायरीत उतरवून घेतलं. तुमच्या ऑफिसातले धडे असेच कुणीतरी कुठेतरी उतरवून घेतलेले असणार, असं मला तो मजकूर वाचताना सारखं वाटत होतं.

शेवटी संयोजक प्रश्न विचारा म्हणाले. मी उठले. तोवर मी उठायला शिकले होते, फार उशिरा. विचारलं, "सर, त्या कॅप्टनचं पुढे काय झालं?"

सरांनी मला ओळखलं. डोळ्यांत काहीतरी हललं आणि लगेच बसलं. "संसारात रमली," ते म्हणाले. "मुलींचं तसंच असतं." लोक कौतुकाने हसले. मीही खाली बसले.

तेव्हा ती मिठागरावर पाट्या वाहत होती. लग्न व्हायचं होतं. मॅट्रिक ती कधीच झाली नाही.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. आमचे कोच असे होते. सर जाऊन कितीतरी वर्षं झाली. मैदानाच्या जागी इमारती आहेत. ती कोपरलाच मुलाकडे राहते, गुडघे गेलेत, ऐकू मात्र स्वच्छ येतं. महिन्यातून एकदा मी रिक्षाने तिच्याकडे जाते आणि आम्ही दोघी दुपारभर बोलतो. त्या जून महिन्याबद्दल आम्ही अजून बोललेलो नाही.