आंजीला मी नेलेलं सुतक

प्रज्ञाचे वडील गेले आणि पुण्यानुमोदनाला येशील का, असं तिने फोनवर विचारलं. मी लगेच हो म्हटलं. पुण्यात आम्ही एकाच ऑफिसात, डबा कित्येक वर्षं एकत्र. तिचं गाव आंजी (मोठी) मात्र मी कधी पाहिलं नव्हतं.

कोणी जाणार असाल तर: पुण्याहून रात्री निघणारी गाडी सकाळी वर्ध्याला सोडते. स्टेशनबाहेर तर्रीपोहे खाऊन घ्या, पुढे नीट काही मिळत नाही. आर्वीच्या रस्त्याने जाणारी एसटी आंजीला थांबते, बायकांना अर्धं तिकीट. जीपही असतात, पण त्या भरल्याशिवाय हलत नाहीत. नोव्हेंबर संपत आला होता. दोन्ही बाजूंना कपाशी फुटलेली, वर झुकलेलं राखाडी आभाळ. वेचणाऱ्या बायका मान वर न करता काम करत होत्या.

प्रज्ञा थांब्यावर आली होती. घरी पोचताच तिची आई, सगळे तिला माय म्हणतात, पाण्याचा गडवा आणि पेला घेऊन पुढे आली.

"घे वं बाई. दुरून आली."

माझा हात आपोआप आडवा झाला. "नको माय, राहू द्या."

आमच्याकडे मयताच्या घरी तेराव्यापर्यंत पाणीही घेत नाहीत. एवढंच माझ्या डोक्यात होतं. माय क्षणभर पेला धरून उभी राहिली, मग आत गेली. थोड्या वेळाने प्रज्ञाचे काका दुकानातून पाण्याची बाटली घेऊन आले.

"घ्या बाई," ते हसून म्हणाले, "सील हाय. कोनाचा हात लागला नाई."

ओसरीवर बसलेल्या बायका बोलायच्या थांबल्या. तेव्हा मला कळलं.

मी प्रज्ञाला मागच्या अंगणात गाठून सुतकाचं सांगितलं. गेल्या वर्षी सख्ख्या आत्याच्या घरीही मी पाणी घेतलं नव्हतं, हेही सांगितलं.

"असेल," ती म्हणाली. "पण आमच्यात सुतक नाही, हे तुला ठाऊक आहे. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हाच ते घराबाहेर टाकलं. बाबांनी परत शिरू दिलं नाही. तू ते पुण्याहून उचलून आणलंस. आणि मायनं अशा 'नको'चं जन्मभर एकच कारण पाहिलंय."

"मी तुझ्या घरी किती वेळा जेवलेय, प्रज्ञा!"

"हो. आणि तुझ्या ते लक्षात आहे."

दुसऱ्या कोणाच्या घरी जेवल्याचं मी कधी लक्षात ठेवलं नव्हतं. मी आत जाऊन मायकडे पाणी मागितलं.

तिने पेला भरला. "पोरगी बोलली म्हनून पेऊन राह्यली का?"

"हो," मी म्हणाले. खोटं बोलायची ती जागा नव्हती.

"मंग पे," ती म्हणाली आणि कामाला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडपात भंतेजी आले. सगळे पांढऱ्या कपड्यांत. त्रिशरण, पंचशील सुरू झालं. मी नेहमीसारखी हात जोडून, आदराने गप्प बसले. दुसऱ्यांच्या प्रार्थनेत असं गप्प बसणं मला आजवर सभ्यपणाचं वाटे. त्या दिवशी वाटलं, हेही चालवून घेणंच आहे. तुमचं तुम्ही म्हणा, मी अडवत नाही. पण शब्द उच्चारले असते तर ते मायला दाखवण्यासाठीच झाले असते. मग काय करायला हवं होतं? मला अजून कळलेलं नाही.

पंगतीत वरण-भात, वांग्याची भाजी, बुंदी. मी पोटभर जेवले. वाढणाऱ्या काकांनी "अजून घ्या ना बाई" म्हणत दोनदा आग्रह केला. माय दुसऱ्या टोकाला होती.

निघताना आणखी एक अडलं. मयताच्या घरून निघताना आमच्यात 'येते' म्हणत नाहीत, मुकाट्याने उठतात. मी मायच्या पाया पडले आणि मुद्दाम मोठ्याने म्हणाले, "येते हं, माय."

"येजो," ती म्हणाली. माझ्याआधी निघालेल्या सगळ्यांनाही ती तेच म्हणाली होती. तसंच म्हणाली की वेगळं, हे मी वर्ध्यापर्यंत एसटीच्या खिडकीशी बसून ठरवू पाहत होते.

घरी पोचले तेव्हा नवऱ्याने गीझर लावून ठेवला होता. प्रज्ञाचा मेसेज आला, "पोचलीस?" मी "पोचले" एवढंच लिहिलं.

मग आंघोळीला गेले. एवढ्या प्रवासाची धूळ अंगावर होतीच, कोणीही आंघोळ केली असती. पण मी डोक्यावरून पाणी घेतलं. केस मी निघायच्या दिवशीच धुतले होते.