कॉकपिटमधली तिसरी सीट

अकरा वर्षं लांब पल्ल्याची बस चालवून मग विमानात को-पायलट झालेला माणूस पायलटांच्या त्या भाड्याच्या घरात एकच होता, म्हणून सगळे त्याला डायवर म्हणायचे. नाव काही लक्षात राहण्यासारखं नव्हतं. लक्षात राहण्यासारखा होता त्याचा हात. तोंडाआधी त्याचा हात बोलायचा. बस चालवायचा त्या काळात, आपले प्रवासी पळवतो म्हणून त्याने एका जीपवाल्याच्या दोन बरगड्या जॅकच्या दांड्याने मोडल्या होत्या. प्रकरण कसंबसं मिटलं. त्या दिवशी बायकोने, जी एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायचं काम करायची, त्याच्यासमोर बसून शांतपणे सांगितलं, "आता पुन्हा कुणावर हात टाकलास, तर मी पोरीला घेऊन निघाले म्हणून समज."

त्यानंतर सहा वर्षं त्याने हात आवरला. पहाटे विमान शिकायला जायचं, दुपारी बस न्यायची, असं करत सदतिसाव्या वर्षी त्याने नोकरी मिळवली. कंपनी छोटी, विमानं सत्तर सीटची, छोट्या गावांतून मोठ्या शहरांत माणसं नेणारी.

ट्रेनिंगच्या शेवटच्या दिवशी चौदा जणांच्या चिठ्ठ्या काढल्या. चिठ्ठीवरचा आकडा म्हणजे नोकरीतलं नशीब. कोणता बेस, म्हणजे राहून उडायचं गाव, मिळणार, रजा कधी, आधी कोण आणि मागून कोण, सगळं त्या आकड्यावर. डायवरच्या वाट्याला चौदा आला. तेरा आला एका चोवीस वर्षांच्या पोराला. अंगाने वेळूसारखा, दारातून वाकून जाणारा, म्हणून तो लंबू. दोघं एकाच शहरातले, घरं सहा किलोमीटरवर. वरच्या बारा जणांनी चांगले बेस उचलले आणि खाली उरलं ते थेट समुद्रकाठचं बंदराचं गाव. घरापासून विमानाने अडीच तास, रस्त्याने बावीस.

तिथे टायरच्या दुकानावर तीन खोल्या होत्या. बारा लोखंडी पलंग, एकावर एक, आणि राहणारे बावीस. पलंग कुणाच्या मालकीचा नाही. चादर ज्याची त्याने आणायची, जागा सापडेल तिथे पडायचं. केव्हाही कुणीतरी झोपलेलं असायचंच, म्हणून खिडक्यांना काळा कागद डकवलेला. भर दुपारी आत अंधार आणि बाहेर टायरवर हातोड्याचे घाव. झोप अर्धवट राहिली की माणूस कुत्र्यासारखा होतो. दूध प्यायलं म्हणून एकाने दुसऱ्याचं बोट फ्रिजच्या दारात चेचलं होतं. अलार्म बंद केला नाही म्हणून एकाचा फोन खिडकीतून खाली गेला, त्याच्यामागे त्याची बॅगही. त्या घरातला सगळ्यात वयस्कर को-पायलट बावन्न वर्षांचा होता. त्याला सगळे काका म्हणायचे. चेचलेल्या बोटाला बर्फ लावून त्याने फ्रिजवर कागद चिकटवला, 'दुधावर नाव लिहा. बोटावर लिहिता येत नाही.'

नव्या माणसाला बहुतेक दिवस स्टँडबायवर बसवतात. फोन आला की नव्वद मिनिटांत विमानतळावर हजर व्हायचं. फोन आला नाही तरी गाव सोडायचं नाही. सुट्टी मिळाली की घरी जायचं ते कंपनीच्याच विमानाने, जागा रिकामी असेल तर. नसेल तर दोन पायलटांच्या मागे एक घडीची सीट असते, तिसरी. ती एकच. दोघं आले तर ज्याचा आकडा लहान त्याची. म्हणजे लंबू आणि डायवर दोघंही काउंटरवर उभे असले, की लंबू आत आणि डायवर बाहेर. असं चार महिन्यांत सात वेळा झालं. सातही वेळा डायवर दोन्ही हात खिशात घालून परत आला.

एकदा डायवर सलग एकोणीस दिवस घरी गेला नव्हता. शेवटी तीन दिवसांची सुट्टी लागली. त्याने लंबूला स्वयंपाकघरात गाठलं.

"बुधवारची अडीचची फ्लाइट भरलेली आहे. तिसरी सीट तेवढी आहे. ह्या वेळी मला जाऊ दे."

"जा की. मला काय घाई नाही," लंबू अंडं सोलत म्हणाला.

बुधवारी डायवरने इस्त्रीचा शर्ट घातला, पोरीला फोन करून सांगितलं की संध्याकाळी येतोय. बूट घालत होता तेवढ्यात लंबू दारात आला. खाली बघत म्हणाला, "अरे, ती सीट गेली. कंपनीचा तपासनीस बसणार आहे. आत्ताच बघितलं मी."

डायवरने बूट काढले. घरी पुन्हा फोन केला. बायको फक्त "बरं" म्हणाली. तो भिंतीकडे तोंड करून झोपला.

रात्री काका ड्यूटीवरून आला आणि त्याला बघून थबकला.

"तू गेला नाहीस?"

"तपासनीस होता ना सीटवर."

"कसला तपासनीस? ते विमान मीच नेलं. माझ्या मागे लंबू बसला होता. घरी गेला तो."

डायवरने चादर बाजूला फेकली. उठला आणि पलंगाच्या लोखंडी खांबावर बुक्की मारली. मग अजून एक. वरच्या पलंगावरचा माणूस शिव्या देत उठला आणि त्याचा चेहरा बघून गप्प आडवा झाला.

"मिटव," काका म्हणाला. "पोरगं आहे. आकडा त्याचाच होता, नाही म्हणाला असता तरी त्याचा हक्कच होता."

"मग नाही म्हणायचं होतं. खोटं का बोलला?"

शनिवारपर्यंत घरच्या शहराला दुसरं विमान नव्हतं. तीन दिवस तो धुमसत राहिला. जेवला नाही म्हटलं तरी चालेल. काकाने दोनदा समजावलं, एकदा दम दिला. शनिवारी सकाळी साडेअकराला डायवर दूध घेऊन जिना चढत होता. डाव्या हातात पिशवी, उजव्या मुठीत घराची किल्ली. वरच्या पायरीवर लंबू उभा. नुकताच उतरलेला, दाढी केलेली, एका हातात आईने दिलेला डबा, दुसऱ्यात पाण्याची स्टीलची बाटली.

"तपासनीस काय म्हणाला?" डायवरने विचारलं.

लंबूचा चेहरा उतरला. "अरे, ऐक ना..."

डायवरचा पहिला फटका कानाखाली बसला. डबा जिन्यावरून ठणठणत खाली गेला. लंबू भिंतीवर आदळला, पण पोरगं जवान होतं, त्याने हातातली स्टीलची बाटली फिरवली. ती डायवरच्या कपाळावर बसून भुवई फाटली. डोळ्यांत रक्त उतरलं आणि त्याबरोबर सहा वर्षांचं सगळं आवरणं वाहून गेलं. त्याने लंबूची कॉलर धरून त्याचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. एकदा, दोनदा. लंबूने गुडघा त्याच्या पोटात घातला. दोघं धडपडत दारातून आत कोसळले, बुटांच्या रांगेवर. डायवर वर होता. मूठ उचलली तेव्हा मुठीत किल्ली आहे हे त्याला माहीत होतं का? पुढे कोर्टात त्याला हेच विचारलं गेलं. तो म्हणाला, "आठवत नाही," आणि ते खरं होतं. किल्लीचं टोक दोन बोटांमधून बाहेर आलेलं होतं. ती मूठ लंबूच्या डाव्या डोळ्यावर उतरली.

आवाज फारसा झाला नाही. लंबू मात्र असा ओरडला, की खालच्या दुकानातले हातोडे थांबले. काळोख्या खोल्यांतून माणसं चड्डी-बनियनवर बाहेर आली. काकाने मागून डायवरच्या गळ्याला हात घालून त्याला ओढून काढलं आणि तोंड उघडून फक्त एवढंच म्हणाला, "काय केलंस रे." फरशीवर फुटलेल्या पिशवीतलं दूध आणि रक्त एकमेकांत मिसळत बुटांखाली चाललं होतं.

डोळा गेला. त्याबरोबर लंबूचं उडणंही गेलं. कंपनीने डायवरला त्याच आठवड्यात काढलं, लायसन रद्द झालं, आणि अठरा महिन्यांची सजा लागली. चौदा महिने भोगली. आत 'पायलटसाहेब' म्हणून त्याची रोज टर उडायची. दुसऱ्या महिन्यात तिघांनी त्याला आंघोळीच्या जागेत घेरलं. त्याने एकाचा हात पिरगळून खांद्यातून निखळवला आणि दुसऱ्याला नळावर आपटलं. मग तिसऱ्याने त्याचे पुढचे दोन दात पाडले. वॉर्डनने काठीने चौघांनाही सारखंच फोडलं. त्या रात्री त्याला झोप लागली नाही. दुखत होतं ते आहेच, पण मारताना आपल्याला बरं वाटलं होतं, हे त्याला कळलं. जीपवाल्याच्या वेळी वाटलं होतं तसंच. जिन्यावरही, पहिल्या फटक्याला, तसंच वाटलं होतं.

सुटला तेव्हा, बोलल्याप्रमाणे पोरीला घेऊन माहेरी गेलेली बायको आपल्या घरी परत आली होती, पण त्याच्यासाठी नाही, पोरीच्या शाळेसाठी. तिने त्याला आत घेतलं. "पोरीला बाप पाहिजे," म्हणाली. "मला काय पाहिजे ते मी अजून ठरवलेलं नाही." तो बाहेरच्या खोलीत झोपू लागला आणि दगडाच्या खाणीवर डंपर चालवू लागला. आठेक महिने गेले. एका रविवारी कपडे वाळत घालता घालता तिने विचारलं, "त्या मुलाकडे गेला होतास?"

"काय तोंडाने जाऊ? माफी मागून डोळा येणार आहे का?"

"माफी मागू नकोस. त्याला काय हवंय ते विचार."

पुढच्या रविवारी सकाळी तो गेला. लंबूच्या वडिलांनी दार उघडलं. रिटायर्ड शिक्षक, चष्मा कपाळावर. त्यांनी ओळखलं आणि दार लावायला हात पुढे केला, तेवढ्यात आतून लंबू आला. डाव्या बाजूला काचेचा डोळा, तो थोडा दुसरीकडेच बघणारा. कंपनीने त्याला ऑफिसात घेतलं होतं. स्टँडबायवाल्यांना फोन करून ड्यूटीवर बोलवायचं काम.

"काय पाहिजे?" लंबूने विचारलं.

"मला काही नको. तुला काय हवंय ते विचारायला आलो."

लंबूने वडिलांना बाजूला सारलं. मग त्याने मूठ फेकली. ती डायवरच्या कानाजवळून गेली आणि दाराच्या चौकटीवर आदळली. एका डोळ्याने अंतर कळत नव्हतं. बोटांची सालं निघाली. डायवरने दोन्ही हात पाठीमागे नेऊन एका हाताने आपल्याच दुसऱ्या हाताचं मनगट घट्ट धरलं आणि अर्धं पाऊल पुढे झाला, पोराच्या हाताच्या टप्प्यात. दुसरा फटका नाकावर बसला. हाड मोडल्याचं त्याला आतून ऐकू आलं. तिसऱ्याने ओठ फुटला. चौथा, पाचवा. तो भिंतीला टेकला पण खाली बसला नाही. त्याचं मनगट त्याच्याच मुठीत लाकडासारखं कडक झालं होतं, सुटायला बघत होतं.

"बास झालं," वडील म्हणाले. आवाज वर्गातला होता. लंबूचा हात खाली आला. त्याला धाप लागली होती.

त्याने सोललेली बोटं शर्टाला पुसली. मग लंबूच म्हणाला, "तुम्हाला माहितीय, मी खोटं का बोललो?" टायरच्या दुकानावरच्या घरात असताना तो त्याला अरे-तुरे करायचा.

"नाही."

"त्या दिवशी मला घरी जायचंच होतं. एका मुलीच्या घरचे मला बघायला येणार होते, अचानक ठरलं. सरळ सांगितलं असतं तर तुम्ही मारलं असतं, असं वाटलं. त्या जीपवाल्याची गोष्ट तुम्हीच हसत हसत सांगितली होती आम्हाला. घाबरलो, म्हणून खोटं बोललो."

डायवरने नाकातून गळणारं रक्त शर्टाच्या बाहीने पुसलं. ती गोष्ट त्याला आठवली. सगळे हसले होते, आणि तो सगळ्यात जास्त.

"सांगितलं असतंस तर मारलं असतं का मी?" तो म्हणाला. हा प्रश्न लंबूला होता की स्वतःला, ते त्यालाच कळेना. "मारलं असतं बहुतेक."

"आता जा," लंबू म्हणाला. "परत येऊ नका. मला हवं होतं ते झालं, आणि तरी काही झालं नाही."

वडिलांनी आतून एक जुना टॉवेल आणून त्याच्या हातात दिला. दार लागलं.

तो टॉवेल नाकाला लावून सहा किलोमीटर चालत घरी आला. बायकोने दार उघडलं, त्याच्याकडे नीट बघितलं, मग त्याच्या दोन्ही हातांकडे. हाताची बोटं सुजली नव्हती. तिने त्याला खुर्चीत बसवलं, कापूस आणला, आणि कामावर रोज वापरते त्याच सवयीच्या, हलक्या हाताने त्याचं नाक चाचपून म्हणाली, "मोडलंय. दवाखान्यात जावं लागेल. पोरगी खेळायला गेलीय, ती यायच्या आत निघू."