खडकांतलं आग्या मोहोळ

भाषावार प्रांतरचनेत हैदराबाद राज्य मोडलं त्या वर्षी मी दहा वर्षांचा होतो. बरकतपुऱ्यात आमच्या शेजारी राहणारे काका आणि बाबा एकाच दफ्तरात होते. बाबांना इथंच ठेवलं आणि काकांचा तबादला औरंगाबादला निघाला. ते जायच्या आधीच्या रविवारी दोघं मला घेऊन शहराबाहेरच्या खडकांत गेले. आमची पायवाट ठरलेली होती. हत्तीएवढ्या धोंड्यांमधून ती वर एका गुहेपर्यंत जायची.

"हा दगड सोडून जाणं जिवावर आलंय," काका म्हणाले. "तिकडचा सगळा काळा, ज्वालामुखीतला."

"त्याच दगडात लेणी आहेत तुमच्या नशिबात. आम्ही येऊ की बघायला," बाबा म्हणाले.

गुहेच्या तोंडाशी बाबांनी चहासाठी काटक्या पेटवल्या. त्या ओल्या होत्या, खूप धूर झाला. वरच्या कपारीत आग्या मोहोळ लटकत होतं, ते कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. आधी नुसतं घोंघावणं ऐकू आलं. काकांनी मला खाली पाडलं, अंगावरची शाल माझ्यावर टाकली आणि वर स्वतः पालथे पडले. बाबा ओरडत उतारावरून पळाले. शालीखाली मला काकांचा श्वास ऐकू येत होता. हळूहळू तो घोगरा होत गेला.

दुपारी दवाखान्यात काका वारले.

"कसं झालं हो?" काकूंनी विचारलं.

बाबांचे डोळे सुजून मिटले होते. "पोरानं मोहोळाला दगड मारला," ते म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांना मी दिसत नव्हतो.

महिन्याभरात काकू माहेरी नांदेडला निघाल्या. काचीगुडा स्टेशनवर त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "लेकरा, तुला काय कळत होतं तेव्हा," म्हणाल्या. बाबा सामान मोजत राहिले. पुढे ते माझ्याशी कामापुरतंच बोलायचे. रविवारी घराबाहेर पडायचे नाहीत.

बाबा वारल्यावर मी नांदेडला जाऊन काकूंना सगळं सांगितलं.

"पोराला मी केव्हाच माफ केलं होतं," त्या म्हणाल्या. "आता या वयात तुझ्या बाबांना कुठून करू? कशाला सांगितलंस?"

मी उठलो. त्यांनी बस म्हटलं नाही.