थोडं सामान बदलून घेतो

त्याला सगळे खटपट्या म्हणत. पंपहाउसवर नोकरीला होता तेव्हाही म्हणत, आणि निवृत्त झाल्यावर तर बायकोही म्हणायला लागली. घरातला नळ गळायला लागला तर महिनोन्‌महिने गळत राही, पंख्याची कुरकुर संसाराचाच भाग होऊन बसे. पण अंगणातल्या त्या जुन्या फोर-व्हील ड्राइव्ह गाडीचा एखादा नट सैल वाटला, तरी खटपट्याच्या घशाखाली घास उतरत नसे. "मला चार चाकं असती तर बरं झालं असतं," बायको म्हणे. "निदान महिन्यातून एकदा विचारपूस झाली असती."

गाडी त्याने सरकारी लिलावात घेतली होती. तिथे एकाच बनावटीच्या दोन गाड्या होत्या. एक त्याने घेतली, दुसरी त्याच्या मित्राने. मित्र भूमापन खात्यात सर्व्हेअर होता. कोणती कोणाची हे ठरवायला त्यांनी नाणं उडवलं. सर्व्हेअरला धडधाकट मिळाली, खटपट्याच्या वाट्याला दुखणाईत आली. दुखणाईत गाडी हसत घरी नेणारा माणूस एक तर खुळा असतो, नाही तर सुखी असतो. खटपट्या दोन्ही होता.

सर्व्हेअर जमीन फुटाफुटाने मोजी, पण बोलायला लागला की त्याला मोजमाप राहत नसे. त्याचं आवडतं पुराण म्हणजे डोंगरावरचा मोजणीचा दगड. गावाबाहेर एक उभी चढण होती, मुरमाची, निसरडी. तिच्या माथ्यावर त्याने तरुणपणी स्वतःच्या हाताने दगड रोवला होता म्हणे, आणि तिथून खाली दोन नद्या एकमेकींना भेटताना दिसतात म्हणे. "पुढची चाकं लावली की माझी गाडी ती चढण गुणगुणत चढते," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. त्याची बायको आतून ओरडे, "मला नेलंत का कधी? नुसत्या थापा!" यावर त्याचं उत्तर ठरलेलं असे. गाडीचं अमुक एक काम झालं की नेतो. शेवटचं अमुक म्हणजे क्लच होता. त्याने गाडी ठोकळ्यांवर चढवली, क्लच खोलला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चपलेचा पट्टा लावता लावता तो गेला.

त्यानंतर ती गाडी तशीच पडवीत उभी राहिली. इकडे खटपट्याच्या गाडीचा डायनॅमो जळाला. तसला डायनॅमो बाजारात मिळणं केव्हाच बंद झालं होतं. बरेच दिवस तो मनाशीच रेटारेटी करत राहिला, आणि शेवटी एका दुपारी मित्राच्या दारात जाऊन उभा राहिला.

"वहिनी, त्याच्या गाडीतलं थोडं सामान बदलून घेऊ का?"

वहिनींनी पदराला हात पुसले. "विचारता काय, भाऊजी? तुम्हीच ते करू जाणता. घ्या ना."

आता 'बदलून घेतो' याचा अर्थ काय, हे दोघांनाही इतकं स्पष्ट होतं की कोणी विचारलंच नाही. वहिनींनी चहा टाकला आणि त्याने पाने काढले.

खटपट्याचा एक नियम होता, पंपहाउसवरून आणलेला. उघडं तोंड ठेवायचं नाही. पाइप काढला की तिथे दुसरं काही तरी बसवायचं, नाही तर आत माती जाते, उंदीर जातात. म्हणून मित्राच्या गाडीचा चांगला डायनॅमो काढला तसा त्याने आपला जळका तिच्यात बसवला, पुसून, नट आवळून. पुढे स्टार्टर बदलला, रेडिएटर बदलला, मागचे स्प्रिंगचे पाटे बदलले. प्रत्येक वेळी त्याच्या गाडीतली व्याधी तिच्यात गेली आणि तिच्यातला दम त्याच्या गाडीत आला. बाहेरून पाहणाऱ्याला गाडी कधी रिकामी दिसली नाही. उलट वरचेवर तिथे बसून एक माणूस घाम गाळतोय असंच दिसे.

त्याच्या बायकोला मात्र सगळं ठाऊक होतं. "आवळा देऊन कोहळा काढताय तुम्ही," ती म्हणाली.

"अगं, विचारून घेतोय. पडूनच तर आहे."

ते खरंही होतं. दुपारी वहिनी पायरीवर काही तरी शिवत बसत आणि नवऱ्याविषयी बोलत. मुलगी परगावी होती, शेजारी नवे होते. त्यांना सर्व्हेअर म्हणजे भिंतीवरचा फोटो. खटपट्या गाडीखालून हुंकार देई, मधेच एखादी आठवण जोडी. कधी कधी तर बदलायला काहीच नसे, तरी तो दोन बोल्ट उगाच काढून घाली. सामानाचा लोभ होता हे नाकारता येणार नाही, पण मित्राचं घर सुटत नव्हतं हेही तितकंच खरं. कधी तरी त्याला शंकाही येऊन गेली असेल. पण गैरसोयीची शंका कोणी फार दिवस घरात ठेवून घेत नाही.

अशी वर्षं गेली. वहिनींचे गुडघे पार गेले. दारातल्या पायऱ्याही त्या कठड्याला धरून, एकेक पाय जुळवत उतरत. एका दुपारी तो गाडीखालून बाहेर येत होता, तेव्हा त्यांनी विचारलं, "भाऊजी, आता कितीसं राहिलंय?"

"कशाचं?"

"गाडी सुरू व्हायचं. नाही, घाई नाही करत मी. एवढी वर्षं तुम्ही तिच्यात सामान बदलताय, तुमच्या जागी सख्खा भाऊ असता तरी कंटाळला असता. पण मुलगी मला कायमची न्यायला येतेय. घर विकायचं ठरलंय. गाडी भंगारवाला नेणार आहे." त्या जरा थांबल्या. "त्याआधी एकदा ती चढण चढून वर जावं म्हणते. यांची थाप खरी होती का, तेवढं बघायचंय. जन्मभर थापा म्हणून हसले मी. एक तरी खरी निघाली तर बरं वाटेल."

खटपट्या पाना हातात धरून उभाच राहिला. तोंडात मारल्यासारखं झालं त्याला. वहिनींना वाटत होतं, तो त्यांची गाडी दुरुस्त करतोय! पहिल्या दिवसापासून! फोनवर मुलीला त्या काय सांगत असतील, शेजारणींना काय सांगत असतील, ते सगळं त्याला एकदम ऐकू आलं. खरं सांगायची वेळ तीच होती. पण त्याच्या तोंडून निघालं ते एवढंच: "होईल, वहिनी. थोडंच राहिलंय."

घरी जाऊन त्याने बायकोला सांगितलं. ती चटकन बोलणारी बाई, पण त्या दिवशी तिने आधी हातातलं ताट खाली ठेवलं. मग म्हणाली, "सांगून टाका त्यांना."

"कोणत्या तोंडाने सांगू?"

"ज्या तोंडाने चहा प्यायलात त्याच."

ते काही त्याच्याने झालं नाही. त्याऐवजी त्याने आपली गाडी ठोकळ्यांवर चढवली आणि खोलायला घेतली. डायनॅमो काढला, स्टार्टर काढला, रेडिएटर काढला. बायको अंगणात बसली आणि जुन्या परातीत रॉकेल घेऊन एकेक बोल्ट ब्रशने घासू लागली. जे जे वहिनींच्या गाडीतून आणलं होतं ते हातगाडीवर घालून तो परत घेऊन गेला, जागच्या जागी बसवलं, आणि आपला जळका-गळका माल भंगारात देऊन आला. सर्व्हेअरचा अर्धवट राहिलेला क्लचही त्याने पुरा केला. त्याची स्वतःची गाडी अंगणात तोंड उघडं टाकून पडली. नियम पाळायला त्याच्याकडे काही उरलं नव्हतं, आणि त्याचं त्याला काही वाटलंही नाही.

फक्त एक वस्तू परत देता येत नव्हती. पुढच्या धुऱ्यातला क्राऊन, म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या चाकांकडे वळवणारं मोठं दातेरी चाक. ते त्याने वहिनींच्या गाडीतून घेतलं होतं, आणि मागच्या पावसाळ्यात चिखलात रुतलेला एक ट्रक ओढून काढायची हौस आली तेव्हा त्याचे दात उडाले होते. ट्रकवाल्याने पाठ थोपटली होती. खटपट्याने त्या भागातले सगळे भंगारबाजार पालथे घातले. एका दुकानदाराने तर स्पष्टच सांगितलं, "काका, या गाडीचं सामान शोधणारे तुम्ही एकटेच उरलात."

मग त्याने मनाची समजूत घातली. मुरूम कोरडा आहे. वहिनींचं वजन ते किती. मागच्या चाकांवर चढेलही. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, ते असं.

गाडी सुरू झाली तेव्हा वहिनींनी टाळ्या वाजवल्या. त्यांनी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. खटपट्याने त्यांना हात देऊन पुढच्या सीटवर बसवलं, आणि गावाबाहेर पडेपर्यंत त्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघत होत्या, ओळखीचं कोणी पाहील का म्हणून. "आवाज अगदी तोच आहे हो," त्या दोनदा म्हणाल्या.

चढणीच्या पायथ्याशी त्याने गिअर टाकला. गाडी चढू लागली, निम्म्यापर्यंत छान चढली. मग मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली, मुरूम उडाला, आणि गाडी हळूहळू मागे घसरली. त्याने पुन्हा जोर केला. तिसऱ्यांदा क्लच जळल्याचा वास आला.

"पुढची चाकं लावा ना, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "ते म्हणायचे, पुढची चाकं लावली की चढते."

त्या बघत होत्या म्हणून त्याने पुढच्या चाकांचा दांडा ओढला. दांडा सहज सरकला. त्याच्या दुसऱ्या टोकाला काहीच नव्हतं. गाडी पुन्हा तिथपर्यंतच गेली आणि परत आली.

वहिनी काचेतून चढणीकडे बघत राहिल्या. मग हसल्या. "म्हणजे हीसुद्धा थापच." त्यांनी डोळ्यांना पदर लावला. "वर दगडही नसेल. नद्याही नसतील. अहो, माणूस गेल्यावर तरी वाटतं हो, काही तरी खरं असेल. एवढा संसार केला त्यांच्याशी आणि शेवटी हाताला काय लागलं, तर गप्पा! चला मागे, भाऊजी. तुम्ही इतकी वर्षं राबलात, तुमचा काय दोष."

खटपट्याने इंजिन बंद केलं. गप्प राहिला असता तर निभावलं असतं. वहिनी दोन दिवसांनी जाणारच होत्या, गाडी भंगारात जाणारच होती. पण मेलेला मित्र त्याच्या डोळ्यांदेखत खोटारडा ठरत होता, तेही स्वतःच्याच बायकोपुढे. आणि उत्तर द्यायला तो काही येणार नव्हता.

"वहिनी, दगड आहे," तो म्हणाला. "नद्याही आहेत. मी पाहिल्यात. याच गाडीतून त्याने मला नेलं होतं."

"मग आज का नाही चढली?"

"पुढची चाकं ओढणारं चाक तिच्यात नाही. ते मी काढून माझ्या गाडीत घातलं होतं, आणि मोडलं."

वहिनींना कळेना. "तुम्ही तर सामान बदलत होतात."

"हो. तिचं चांगलं माझ्यात, माझं खराब तिच्यात. तुम्हाला विचारलं तेव्हा मला तेच म्हणायचं होतं. तुम्ही दुसरं समजलात, ते मला आत्ता-आत्ता कळलं. कळलं तेव्हाही बोललो नाही."

वहिनींची बोटं पदराच्या काठावरून फिरत होती, फिरत होती, आणि थांबली.

"म्हणजे ते खोटं बोलत नव्हते."

"नाही, वहिनी. एका शब्दानेही नाही."

त्यांनी मान हलवली. मग दार उघडून, दाराच्या चौकटीला धरून, एकेक पाय जुळवत त्या खाली उतरल्या. तो धावत पलीकडे गेला आणि हात पुढे केला. त्यांनी तो धरला नाही. गाडीच्या अंगाला हात लावत त्या मागे गेल्या, मोठ्या कष्टाने पायरी चढल्या आणि मागच्या बाकावर, मागे तोंड करून बसल्या.

"पुढे बसा, वहिनी. मागे धक्के बसतील."

"बसू देत."

तो पुढे येऊन बसला. त्याने गाडी वळवली आणि हळू, खड्डे चुकवत चालवू लागला. आरशात त्याला फक्त त्यांचं पाठमोरं डोकं दिसत होतं. मागे लांब जाणाऱ्या त्या चढणीकडे त्या बघत होत्या. वळण आलं, चढण दिसेनाशी झाली, तरी त्यांनी तोंड पुढे केलं नाही.